मॅलकी चहाला नको म्हणू लागला

तीन दिवस डिम्फना लॅव्हेल घर घासत होती, कारण घर घासायला आता तिच्या अंगात बळ उरलेलं नाही हे पाहायला सरकारी बाई येणार होती.

खिडक्यांच्या काचा तिने व्हिनेगर आणि जुन्या वर्तमानपत्राने पुसल्या. पडदे उतरवले, धुतले, इस्त्री करून परत टांगले. चुलीतली राख काढली. मग नवऱ्याला, मॅलकीला, टबात बसवून अंघोळ घातली. त्यात दोन तास गेले, आणि त्याचं कोपर तिच्या दंडावर असं बसलं की वांग्यासारखा डाग उठला. तो तिने लांब बाह्यांच्या स्वेटरखाली झाकला. त्याची दाढी केली, लग्नाकार्याचा कोट घातला, टाय बांधला. शेवटी मनुकांचे दोन ब्रेड भाजले. एक बाईला खायला, एक जाताना बांधून द्यायला.

गावातल्या डॉक्टरांनी तिला सरळ सांगितलं होतं. रोज सकाळी मॅलकीला उठवायला, धुवायला कुणी मदतीला मिळालं तर तो घरी राहू शकेल. नाहीतर त्याला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवायचं. "कारण डिम्फना, तू पडलीस तर मला दोघांना उचलावं लागेल, आणि माझीच कंबर गेलेली आहे." ती मदत द्यायची की नाही, हे ठरवायला सरकारी बाई येणार होती.

आता हा मॅलकी कोण, ते सांगायला हवं, कारण त्याला अर्ध्या जगाने पाहिलंय आणि ओळखत कुणीच नाही.

आयर्लंडमधल्या मेयो काउंटीच्या किनाऱ्यावरच्या किलगारव गावात तो काउंटीच्या रस्त्यांवर खडी टाकायचा. उंच, हडकुळा, केस काळेभोर, आणि बोलणं इतकं कमी की डिम्फनाला मागणी घालायला त्याला दोन उन्हाळे लागले. लहानपणी चर्चमध्ये दारू न पिण्याची शपथ घेतली होती. त्या शपथेचा बिल्ला तो कोटावर लावायचा आणि शपथही पाळायचा. गाणं म्हणायला सांगितलं तर खोलीबाहेर जायचा.

तो छत्तीस वर्षांचा असताना डब्लिनहून एक फोटोवाला आला. त्याला खरा आयरिश माणूस हवा होता, आणि रस्त्यावर त्या वेळी मॅलकीच उभा होता. फोटोवाल्याने त्याला शेजारच्या मँगनकाकांचं गाढव धरायला दिलं, तोंडात पाइप दिला, हातात काळ्या बिअरचा पेला दिला आणि कोटावरचा बिल्ला तेवढा काढायला लावला. पुढे छापणाऱ्याने त्याचे केस तांबडे रंगवले. झालं. चित्राचं ते पोस्टकार्ड तीस वर्षं विमानतळापासून मासळी बाजारापर्यंत खपत राहिलं. गाढव त्याच दिवशी फोटोवाल्याला चावलं होतं, ते मात्र चित्रात दिसत नाही.

मॅलकीला बिल्ला काढल्याची लाज वाटली. तो पाद्र्याकडे पापाची कबुली द्यायला गेला. पाद्री आधी हसला, मग म्हणाला, "मॅलकी, पेला उरला होता का?"

त्यानंतर बसगाड्या यायला लागल्या. हिरव्या टोप्या घातलेले अमेरिकन उतरायचे आणि पोस्टकार्डावरचा माणूस कुठे राहतो म्हणून विचारायचे. ते इतके लांबून आलेले, त्यांना नाही कसं म्हणायचं? मग मॅलकी टोपी उचलायला शिकला. डोळा मारायला शिकला. सोन्याचा हंडा लपवणाऱ्या बुटक्या मोच्याची गोष्ट सांगायला शिकला. ती त्याला बॉस्टनहून आलेल्या एका दातांच्या डॉक्टरने शिकवली होती, कारण किलगारवमध्ये ती कुणालाच धड येत नव्हती. पेल्यात तो काळा सोडा प्यायचा. घरी येऊन बूट काढायचा आणि तासभर चुलीकडे बघत बसायचा. "थकलास?" डिम्फना विचारायची. "आयरिश होऊन होऊन थकलो," तो म्हणायचा. त्याचा हा एकच विनोद, पण डिम्फनाला तो दर वेळी नवा वाटायचा.

आता तो एकोणऐंशीचा झाला होता. त्याचं काहीतरी बिनसलंय हे डिम्फनाला डॉक्टरांच्या आधी कळलं, आणि तेही चहावरून.

किलगारवमध्ये कुणाच्या घरी गेलं की चहाला आधी नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की पुन्हा नको, उगाच त्रास कशाला. तिसऱ्यांदा विचारलं की मग, बरं, तुम्ही करतच असाल तर. पहिल्या खेपेला हो म्हणणारा माणूस एकतर आजारी असतो किंवा परका. पण हे सगळं दुसऱ्याच्या घरी. आपल्या घरात कुणी चहाला नको म्हणत नाही. एकोणपन्नास वर्षं डिम्फना कप पुढे करत होती आणि मॅलकी न बघता हात पुढे करत होता. गेल्या वर्षी ईस्टरच्या आधी, उपासाच्या दिवसांत, तिने असाच कप पुढे केला तर तो खुर्चीत सावरून बसला आणि म्हणाला, "नको नको, बाई, उगाच त्रास कशाला."

कप हातात धरून ती उभीच राहिली. मग तिने दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. "बरं, तुम्ही करतच असाल तर," तो म्हणाला, आणि पाहुण्यासारखे गुडघे जुळवून चहा प्याला. हे तिने कुणाला सांगितलं नाही. काय म्हणून सांगणार? नवरा फार सभ्य झालाय म्हणून?

सरकारी बाई ठरल्या वेळेच्या आधी दोन मिनिटं आली. तिचं नाव फेम्के, चाळिशीची, पायात सायकलचे बूट. मूळची हॉलंडची.

"चहा घेणार ना?" डिम्फनाने विचारलं.

"नको, आभारी आहे," फेम्के म्हणाली आणि फाइल उघडली.

डिम्फना किटली धरून थांबली. "थोडासा तरी?"

"नको. मी आत्ताच घेतला."

तिला खरंच नको होता. अशी बाई डिम्फनाने आजवर पाहिली नव्हती. चांगल्या कपबश्या, दोन ब्रेड, लोणी, जॅम, सगळं टेबलावर बिचाऱ्यासारखं बसून राहिलं.

"मिसेस लॅव्हेल, तुम्हाला घरात कोणती गोष्ट जड जाते?"

"छे, जड कसली. बरंय आमचं. ज्यांचं खरंच कठीण आहे असे लोक आहेत की."

"त्यांना अंघोळ कोण घालतं?"

"हे फार शांत आहेत हो. काही त्रास नाही यांचा."

"म्हणजे तुम्हाला जमतं?"

"जमवायचं. सगळेच जमवतात."

"मग मदतीची गरज आहे की नाही?"

आता हे कुणी असं विचारतं का? डिम्फनाला वाटलं, आपण पहिला नकार द्यायचा, मग ती पुन्हा विचारेल, मग आपण जरा ढिलं सोडायचं, आणि तिसऱ्या वेळी दोघींच्या मनासारखं होईल. ती म्हणाली, "नाही तसं, राहू दे. तुमच्याकडे कामं काय कमी आहेत?"

फेम्केने मान हलवली आणि लिहिलं. पुन्हा विचारलंच नाही. मॅलकी टाय बांधून देखणा बसला होता. त्याने टोपी उचलली, डोळा मारला. फेम्के हसली. जाताना तिने ब्रेडही घेतला नाही.

बारा दिवसांनी पत्र आलं. घर सुस्थितीत आहे, पत्नी सक्षम आहे, मदतीची गरज नसल्याचे तिने स्वतः सांगितले आहे. अर्ज नामंजूर. हरकत असल्यास पुन्हा एकदा भेट मागता येईल.

पत्र वाचून डिम्फनाने ते घडी घालून पुन्हा पाकिटात घातलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं. त्याच आठवड्यात मॅलकी दोनदा फाटकापर्यंत गेला, "घरी जातो" म्हणून. दुसऱ्या वेळी त्याला परत आणताना तिच्या छातीत अशी कळ आली की दोघं फाटकाला धरून उभी राहिली. रस्त्याने जाणाऱ्या टपालवाल्याला वाटलं, म्हातारी माणसं समुद्र बघतायत. त्याने हात हलवला. तिनेही हलवला.

रविवारी ऑस्ट्रेलियाहून मुलाचा, फर्गलचा, फोन आला.

"कसं काय, आई?"

"बरंय आमचं. पाऊस नाही."

"बाबा?"

"बरे आहेत. तुमच्याकडे पाऊस?"

"नाही."

"मग बरंय."

हे सगळं शेजारची कन्सेप्टा ऐकत होती. ती गाढववाल्या मँगनकाकांची मुलगी, डिम्फनाच्याच वयाची, आणि तिच्या जिभेलाही त्या गाढवाचे दात. फोन ठेवल्यावर तिने टेबलावरचं पाकीट बेधडक उघडून वाचलं.

"तू त्या बाईला सांगितलंस की मदत नको?"

"पहिल्यांदाच तर नको म्हटलं. तिने परत विचारायला नको का?"

"अगं, ती डच आहे. जर्मन घड्याळाकडे बघतो, फ्रेंच ताटाकडे बघून नाक मुरडतो, इंग्रज सॉरी म्हणत म्हणत तुझं शेत घेतो. पण डच माणूस नाही म्हणजे नाहीच समजतो. ते त्यांच्यात पापच नाही."

"आणि आपल्याला काय म्हणतात?"

"बेवडे, गाणारे आणि खोटारडे."

"मॅलकी कधी प्यायला नाही आणि गायला नाही."

"म्हणून खोटं बोलायचं तुझ्या वाट्याला आलं," कन्सेप्टा म्हणाली. "बस इथे. मी डच. सांग मला, काय हवंय?"

डिम्फना बसली. घसा साफ केला. "थोडीशी मदत मिळाली असती, म्हणजे तुम्हाला जमत असेल तर, नाहीतर राहिलं."

"मी गेले सायकलवर बसून. परत सांग."

"आमच्यापेक्षा गरजू लोक आधी बघा, पण..."

"ते गरजू लोकही हेच सांगतायत, म्हणून कुणालाच काही मिळत नाही. परत."

"मला..." डिम्फना म्हणाली. स्वेटरची बाही तिने बोटांत धरली. कन्सेप्टाने ती बाही हळूच वर केली आणि दंडावरचा डाग पाहिला. आता पिवळा पडला होता. मग बाही खाली ओढून नीट केली.

"परत भेट मागायची. आणि घर घासायचं नाही या वेळी," ती म्हणाली. "एक पेलासुद्धा धुवायचा नाही. मी येऊन तपासणार."

दुसऱ्या भेटीच्या सकाळी डिम्फनाने काहीच केलं नाही, आणि ते तिला तीन दिवसांच्या घासकामापेक्षा जड गेलं. मोरीत रात्रीचं पातेलं तसंच. मॅलकीच्या गालावर पांढरे खुंट. पलंगावरची ओली चादर दारामागे गोळा करून ठेवलेली, आणि दार उघडं. तेवढं दार तिने तीनदा लोटलं आणि तीनदा उघडलं.

फेम्के आली, आणि मॅलकीला काय झालं कोण जाणे. परक्या माणसाची चाहूल लागली आणि बसगाडी आल्यासारखा तो उठला. टोपी उचलली, डोळा मारला. "लाख लाख स्वागत," म्हणाला. बुटक्या मोच्याची गोष्ट सुरू केली आणि एक शब्द न चुकता शेवटाला नेली, सोन्याच्या हंड्यासकट. रंगात आलेला तो माणूस पाहून फेम्के फाइल मिटून हसत होती. डिम्फनाला वाटलं, याला कोण आजारी म्हणेल?

भिंतीवर ते पोस्टकार्ड चौकटीत होतं. फेम्केने विचारलं, "हे तुम्ही?"

मॅलकीने जवळ जाऊन पाहिलं. "तो? तो इथे आधी राहायचा," तो गंभीरपणे म्हणाला. "दारुडा होता. या बाईंचे फार हाल केले असतील त्याने."

फेम्के पुन्हा हसली. "तुम्ही आयरिश लोक. तुमच्या तोंडून सरळ उत्तर यायचं नाही."

तिला तो विनोद वाटला. आणि का वाटू नये? तीस वर्षं पोस्टकार्डावर त्याने तेच तर विकलं होतं. डिम्फनाला एकदम समजलं की याचं डोकं जितकं रिकामं होईल तितका हा लोकांना जास्त आयरिश वाटेल, आणि आपण मरेपर्यंत कुणाच्या लक्षात येणार नाही.

ती उठली. कपात चहा ओतला, दोन चमचे साखर, दुधाचा थेंब, आणि त्याच्यापुढे केला.

"नको नको, बाई," मॅलकी म्हणाला. "उगाच त्रास कशाला. मी निघतोच आहे."

"बघा," डिम्फना म्हणाली.

"त्यांना चहा नकोय," फेम्के म्हणाली.

"हवाय त्यांना. तुम्हाला नाही कळायचं, म्हणून सांगते." तिने कप टेबलावर ठेवला. "आमच्यात पाहुणा नको म्हणतो. घरचा माणूस नाही म्हणत. एकोणपन्नास वर्षं हा माझ्या हातचा चहा न विचारता घेत आला. आता मला बाई म्हणतो आणि नको म्हणतो. त्याला वाटतं तो कुणाच्या तरी घरी बसलाय. दिवसभर तो घरी जायची वाट बघतो. मघाशी विनोद नव्हता केला त्याने. त्याने जन्मात एकच विनोद केला, आणि तो तुम्हाला कळला नसता."

फेम्केचं हसू गेलं. तिने मॅलकीकडे पाहिलं. तो गुडघे जुळवून, टोपी मांडीवर ठेवून, दाराकडे बघत बसला होता.

"तुम्हाला मदत हवी आहे का?" तिने विचारलं.

डिम्फनाने खुर्चीची पाठ धरली. पहिल्याच खेपेला. लग्नाच्या पंगतीत शेवटचा तुकडा उचलल्यासारखी तिला लाज वाटली.

"हो," ती म्हणाली. "मला नाही जमत आता."

मग तिने बाही वर केली, आणि दारामागच्या चादरीकडे बोट दाखवलं. फेम्के आत गेली, बाहेर आली, खाली मान घालून बराच वेळ लिहीत राहिली.

"रोज सकाळी एक तास मी मागू शकते. पुरेल?"

पुरेल, भरपूर झालं, देव तुमचं भलं करो, हे सगळं डिम्फनाच्या ओठांपर्यंत आलं. ते तिने गिळलं.

"नाही पुरणार."

"दोन?"

"दोन."

"मी दोन लिहिते. मंजूर व्हायला महिना लागेल, आणि खात्री मी देऊ शकत नाही. पण या वेळी मी खरं लिहिलंय."

"चहा?" डिम्फनाने विचारलं.

"नको," फेम्के म्हणाली, आणि डिम्फनाने पुन्हा विचारलं नाही. तेवढं त्राणच नव्हतं. फाटकापर्यंत तिला सोडून ती परत आली आणि अंगावरचा स्वेटर न काढताच बसली. मोरीतलं पातेलं दिसत होतं. चौकटीतला तांबड्या केसांचा माणूस पेला उंचावून तिच्याकडे बघत होता. तिने परक्या बाईसमोर नवऱ्याला उघडं पाडलं होतं. त्याला ते कळलं नाही, हा त्यातला दिलासा होता आणि तेच दुखणंही.

"ती मुलगी कोण होती?" मॅलकीने विचारलं.

"कचेरीतली."

"तिला चहा दिलात?"

"नको म्हणाली."

"किती वेळा विचारलंत?"

"एकदा."

मॅलकीने मान हलवली. चेहरा खरोखर पडला होता. "एकदाच? बाई, रागावू नका, पण हे शोभत नाही. इतक्या लांबून आलेलं माणूस."

"चुकलंच माझं," डिम्फना म्हणाली.

टेबलावरचा त्याचा चहा निवला होता. तिने तो ओतून टाकला, किटली पुन्हा चढवली आणि पाणी उकळेपर्यंत तिच्याजवळ उभी राहिली.

"तुम्ही घ्याल ना?" तिने विचारलं.

"नको नको. उगाच त्रास."

"घ्या थोडा."

"नको, खरंच. मला निघायला हवं. घरी वाट बघत असेल ती."

डिम्फनाने कपात दोन चमचे साखर घातली. ढवळली. चमचा बशीत ठेवला.

"घ्याच," ती म्हणाली. "माझ्यासाठी करतेच आहे."

"बरं," मॅलकी म्हणाला, आणि मांडीवरची टोपी बाजूला ठेवली. "अर्धाच कप."

तिने काठोकाठ भरला.